वाचकांचे प्रश्न : तड्यांवरून भूकंपाचे केंद्र कळते का?

प्रश्न : पेठ-सुरगाण्याकडे सौम्य धक्के बसल्यानंतर आमच्या वाड्याच्या भिंतीत तिरके तडे दिसले. यंत्रे नव्हती तेव्हा तड्यांवरूनच भूकंपाचे केंद्र काढत, असे ऐकले. आम्हाला काढता येईल?
– एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : एका वाड्यावरून नाही. ही पद्धत आयरिश अभियंता रॉबर्ट मॅलेट यांची. इटलीत नेपल्सकडच्या 1857च्या भूकंपानंतर त्यांनी गावोगाव तड्यांच्या दिशा होकायंत्राने मोजल्या. तडा धक्क्याच्या दिशेशी काटकोनात उघडतो असे धरून त्यांनी नकाशावर रेषा ओढल्या. जास्तीत जास्त रेषा जिथे छेदल्या, तिथे केंद्र. आपल्याकडे 10 जानेवारी 1869च्या काचार (आसाम) भूकंपाची पाहणी भूवैज्ञानिक थॉमस ओल्डहॅम यांनी याच धर्तीवर केली. त्यांच्या नोंदी मुलाने, रिचर्ड ओल्डहॅम यांनी, 1882मध्ये प्रसिद्ध केल्या.

पद्धतीची कच्ची बाजू अशी की जमीन एकाच दिशेने हलत नाही. आधी येणाऱ्या प्राथमिक लहरी पुढे-मागे हलवतात, मागून येणाऱ्या दुय्यम लहरी आडव्या. शिवाय तडा जातो तो भिंतीच्या कमकुवत जागी, बहुधा दार-खिडकीच्या कोपऱ्यातून. त्यामुळे एकाच गल्लीतले तडे वेगवेगळ्या दिशा दाखवतात.

पडलेल्या वस्तू मात्र धक्क्याचा जोर सांगतात. सुट्या उभ्या दगडाची जाडी भागिले उंची, हे वेस्ट या संशोधकाचे सूत्र. 20 सेंटिमीटर जाडीचा, 1 मीटर उंच दगड कलंडायला गुरुत्वत्वरणाच्या निदान 0.2 पट त्वरण लागते. चुन्यात बांधलेल्या दीपमाळेला हा हिशेब लावू नये.

भूकंपाच्या कारणासाठी जमीनच वाचावी लागते. 12 जून 1897च्या आसाम भूकंपात रिचर्ड ओल्डहॅम यांना चेद्रांग नदीकाठी प्रस्तरभंग, म्हणजे खडक सरकलेली भेग, सापडला. काही ठिकाणी जमीन सुमारे 35 फूट वर-खाली सरकली होती. त्याच भूकंपाच्या इटलीतल्या आलेखांवरून त्यांनी दोन्ही लहरी आणि पृष्ठलहरी वेगळ्या ओळखल्या. आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच, कारण अंतर मोजण्याची आजची रीत त्यावरच उभी आहे.

तुमचे तडे धक्क्याचेच, असे लगेच धरू नका. पायाखालची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि असेच तिरके तडे देते. तड्यावर गिलावा खरवडून काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. धक्का न बसताच काच तुटली तर तडा अजून हलतो आहे आणि दोष बहुधा पायाचा आहे.

प्रश्न : मग आता अंतर कसे काढतात?

उत्तर : प्राथमिक आणि दुय्यम लहरींच्या आगमनातले सेकंद गुणिले 8, म्हणजे साधारण किलोमीटर. फरक 5 सेकंद असेल तर अंतर 40 किलोमीटर. एका ठिकाणच्या यंत्रावरच्या या फरकातून फक्त अंतर मिळते, दिशा नाही. तीन ठिकाणांची वर्तुळे जिथे मिळतात तो बिंदू धरतात. खोली ठरवायला निदान एक यंत्र केंद्राच्या अगदी जवळ हवे.