वडिलांना एमडीआर टीबी आणि जुनी शुगर, चार डॉक्टर चार गोष्टी सांगतात, कोणाचं ऐकायचं?

ताई, तुमचा प्रश्न लांब आहे म्हणून आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील एकसष्ट वर्षांचे, शुगर बरीच जुनी, फुफ्फुसाचा एमडीआर टीबी (म्हणजे नेहमीची मुख्य औषधं लागू न पडणारा) निघालाय आणि सहा महिन्यांच्या नव्या कोर्सचा दुसरा महिना चालू आहे. गोळ्या सरकारी टीबी सेंटरच्या, शुगरचे डॉक्टर खाजगी, उदासपणासाठी मानसोपचाराच्या गोळ्या आधीपासून चालू, आणि मधेच उलट्या झाल्या की कोपऱ्यावरचे फॅमिली डॉक्टर. आता तळपायाला मुंग्या येतायत, शुगरवाले म्हणतात शुगरमुळे आणि टीबीवाले म्हणतात बघू. तर सगळं सोडून पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं का, आणि घरात तीन वर्षांचं बाळ आहे त्याचं काय, हे तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. टीबी विभागात सुपरवायझर म्हणून तालुक्यात बरीच वर्षं पेशंटच्या घरी जाऊन गोळ्या मोजल्यात, त्या अनुभवावरून सांगतोय, तेव्हा औषध बदलायचा निर्णय माझं वाचून घेऊ नका.

माझं सरळ मत असं की हॉस्पिटल बदलू नका, आहेत त्याच डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. तुमचे चारही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतील, पण वडिलांची अवस्था भाऊबंदकीतल्या सामाईक विहिरीसारखी झालीय, पाणी सगळे काढतात आणि गाळ कोणीच काढत नाही. एमडीआरच्या पेशंटमध्ये मी जे बिघडताना बघितलंय ते बहुतेक वेळा कुणा एकाच्या अडाणीपणाने नाही बिघडलं, याला ते माहीत नव्हतं आणि त्याला हे माहीत नव्हतं, अशाच जागी बिघडलंय.

आता मुंग्यांचंच घ्या कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात घाईची गोष्ट तीच आहे. या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये चार औषधं असतात, बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन. यातली लिनेझोलिड नसांना त्रास देते, पाय बधिर, जळजळ, मुंग्या. दक्षिण आफ्रिकेत या औषधांचा जो पहिला मोठा अभ्यास झाला (त्यात मॉक्सि नव्हती) त्यात लिनेझोलिड दिवसाला १२०० मिलिग्रॅम होती, १०९ पेशंट होते आणि त्यातल्या ८१ टक्के लोकांना नसांचा त्रास झाला, बरे मात्र जवळपास ९० टक्के झाले, म्हणून पुढे डोस ६०० वर आणला. आता शुगरनेही अगदी असाच त्रास होतो, तिथेच सुरुवात, तळपायापासून. मग शुगरचे डॉक्टर पाय बघतात, जुना शुगरचा पेशंट आहे, नसांची गोळी लिहून देतात, त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. त्या गोळीने जळजळ दबते, पेशंट टीबी सेंटरला गेला की सांगतो आता बरं आहे, आणि लिनेझोलिड त्याच डोसने चालू राहते. हा त्रास वेळेत पकडला तर डोस कमी करणं किंवा काही दिवस थांबवणं हे टीबीच्या डॉक्टरांच्या हातात असतं, उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. म्हणून पुढच्या तारखेची वाट न बघता उद्याच टीबी सेंटरला फोन करा, आणि नेमकं सांगा की मुंग्या कधी सुरू झाल्या, दोन्ही पायाला आहेत का, गोळ्या सुरू व्हायच्या आधी होत्या का. हे शेवटचं फार महत्त्वाचं, ते तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

डोळ्यांचंही तसंच. शुगरनेही नजर जाते आणि लिनेझोलिडनेही जाते, पण लिनेझोलिडमध्ये कधीकधी आधी रंग फिके दिसायला लागतात. कोर्स सुरू करताना डोळे तपासले असतील, रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायला लावतात तो चार्टही दाखवला असेल, तो रिपोर्ट शोधून फाईलला लावा. धूसर दिसतंय असं म्हणाले की चष्म्याच्या दुकानात नेऊ नका, सिव्हिलच्या डोळ्यांच्या ओपीडीत न्या आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते तिथे पहिल्या वाक्यात सांगा. आणि रक्त. लिनेझोलिडने हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट खाली येतात, म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, चुकवू नका.

उलट्यांचं मात्र मला तुमच्यावर जरा ओरडावंसं वाटतंय, पण तुमची चूक नाही, कोणी सांगितलंच नसणार. बेडाक्विलिन आणि मॉक्सि दोन्ही गोळ्या हृदयाच्या ठोक्यांच्या विजेवर परिणाम करतात, म्हणून तर पुन्हा पुन्हा ईसीजी काढायला लावतात. ईसीजीवर एक अंतर मोजतात, त्याला क्यूटी म्हणतात, ते ५०० मिलिसेकंदाच्या वर गेलं की धोका, ठोके अचानक बिघडू शकतात. आता उलटीवर सगळीकडे ज्या दोन गोळ्या देतात, ऑनडॅनसेट्रॉन आणि डोमपेरिडॉन, त्या दोन्ही हेच अंतर वाढवतात. घसा दुखला म्हणून मेडिकलवाला देतो ती अझिथ्रोमायसिनही. शिवाय उलट्यांनी पोटॅशियम कमी होतं, त्यानेही तेच होतं. म्हणजे गोळ्या, उलटी आणि उलटीचं औषध, तिन्ही एकाच बाजूला ढकलतात. त्यात तुमच्या वडिलांच्या मानसोपचाराच्या गोळ्या. एसिटॅलोप्रामसारखी गोळी असेल तर तीही क्यूटी वाढवणारी, आणि वर लिनेझोलिडबरोबर तिचं वेगळंच वाकडं आहे, दोन्ही मिळून मेंदूतलं सेरोटोनिन जास्त होऊन ताप, थरथर, घाम, भ्रम असा प्रकार होऊ शकतो. पण म्हणून ती गोळी घरच्या घरी बंद करायची नाही, एकदम बंद केल्याने उदासपणा उलटून येतो आणि मग पेशंट टीबीच्याच गोळ्या टाकून देतो, हे मी बघितलंय. मानसोपचाराच्या डॉक्टरांना टीबीच्या गोळ्यांची यादी दाखवा, टीबीच्या डॉक्टरांना त्यांची चिठ्ठी दाखवा, आणि दोघांना म्हणा की एकदा फोनवर बोला. कोर्स सुरू करतानाच हे विचारायला हवं होतं, विचारलंही असेल, पण घाईत आपला माणूस "शुगर आहे" एवढंच सांगतो, मनाच्या गोळ्यांचं सांगायला लाजतो.

शुगरबद्दल एक गोष्ट सहसा कोणी समजावून सांगत नाही. टीबी जोरात असताना शुगर वाढते, मग इन्सुलिन वाढवतात, आणि औषध लागू पडून इन्फेक्शन उतरायला लागलं की तेच इन्सुलिन जास्त व्हायला लागतं. वर मॉक्सि आणि लिनेझोलिड दोन्हीने शुगर एकदम खाली येऊ शकते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पहाटे घाम, हातपाय गळणं, बरळणं असं झालं की टीबीचा अशक्तपणा म्हणून सोडू नका, ग्लुकोमीटर लावा. आणि जेवणाची भांडणं तर घरोघरी, आमचे लोक सांगतात भरपूर खायला द्या, शुगरवाले सांगतात ताटातलं कमी करा, आणि बिचारा पेशंट दोन्हीकडून बोलणी खातो. झारखंडमध्ये टीबीच्या पेशंटना आणि घरच्यांना जादा धान्य देऊन जो अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला, त्यात सुरुवातीच्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात मृत्यू बरेच कमी दिसले, आणि घरातल्या बाकीच्यांना टीबी होण्याचं प्रमाणही जवळपास ४० टक्क्यांनी कमी झालं. तेव्हा शुगरच्या डॉक्टरांना असं विचारा की यांना उपाशी न ठेवता, अंडी, डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध असं खाऊ घालून इन्सुलिन कसं बसवायचं. प्रश्न असा विचारला की उत्तर वेगळं मिळतं, स्वतःच करून बघा. निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिन्याला १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते) वडिलांच्या खात्यात येतायत का तेही बघा, बँक खातं जोडलेलं नसलं की अडकतात.

आता हे सगळ्यांना बोलायला कसं लावायचं. मी पेशंटला एक शंभरपानी वही करायला लावायचो. पहिल्या पानावर निक्षय आयडी (टीबी पेशंटचा सरकारी नोंदणी नंबर), कोर्स सुरू झाल्याची तारीख, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी, डोस, कोणी लिहून दिली. त्यात काढे, आयुर्वेदिक, बीपीची, ताकदीची, सगळं आलं. कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड असेल तर तेही, कारण मॉक्सि त्यांच्याबरोबर घेतली की पोटातच अडकते, अंगात जात नाही. बेडाक्विलिनला वेगळं पान ठेवा, ती पहिले दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून तीनदा असते, बाकीच्या गोळ्या रोज, यात फार गोंधळ होतो, आणि ती जेवणाबरोबरच घ्यायची, रिकाम्या पोटी नीट लागू पडत नाही. मागच्या पानांवर ईसीजी, सीबीसी, लिव्हर, वजन, बेडक्याचे रिपोर्ट तारखेने. ही वही दाखवल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरकडून चिठ्ठी घ्यायची नाही, लग्नात भेटलेल्या भाच्याकडूनही नाही, तो एमबीबीएस असला तरी.

आणि कॅप्टन एकच ठेवा. तो डीआर-टीबी सेंटरचा, म्हणजे औषध लागू न पडणाऱ्या टीबीच्या सरकारी सेंटरचा डॉक्टर. बाकीचे काहीही नवीन लिहोत, सुरू करायच्या आधी तुमच्या भागातल्या टीबी सुपरवायझरला व्हॉट्सअपवर फोटो टाका, तो तिथे विचारून सांगतो, हे त्याचं कामच आहे, उपकार नाही. आधीचा नंबर लागत नसेल तर पीएचसीत विचारा, आशाताईंकडे हमखास असतो. केस अवघड असेल तर जिल्ह्याच्या डॉक्टरांना वरच्या तज्ज्ञांपुढे मांडताही येते, छातीचे, हृदयाचे, मानसोपचाराचे मिळून ठरवतात, तसं मांडा म्हणून तुम्हीसुद्धा विनंती करू शकता. खाजगी डॉक्टरांना ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, फक्त टीबीच्या गोळ्यांवर निर्णय दोन ठिकाणी नको.

हे मी एवढं का ताणतोय त्याला इतिहास आहे. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उडवाडियांनी कुठलंच औषध लागू न पडणारे टीबीचे चार पेशंट जगापुढे मांडले, तेव्हा खळबळ उडाली, आणि त्यात त्यांनी लिहिलं होतं की यातले बहुतेक पेशंट दीड वर्षात सरासरी चार-चार डॉक्टरांकडे फिरलेले, प्रत्येकाने एखादं औषध वाढवलेलं. त्याच्या आधी धारावीत १०६ खाजगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितली तर ६३ वेगवेगळे कोर्स लिहिले गेले. आणि जुन्या एमडीआर कोर्समधल्या कॅनामायसिनच्या इंजेक्शनने लोक बहिरे व्हायचे ते वेगळंच. मुंबईची नंदिता व्यंकटेशन हिची ऐकू यायची शक्ती टीबीच्या औषधाने गेली, तिने आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले हिने मिळून बेडाक्विलिनचं पेटंट लांबवायला विरोध केला आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट ऑफिसने कंपनीचा अर्ज फेटाळला. तुमच्या वडिलांना आज एकही इंजेक्शन नाही आणि अठरा-वीस महिन्यांऐवजी सहा महिने, सरकारने याला मान्यता दिली सप्टेंबर २०२४ मध्ये. म्हणून हा कोर्स वाया घालवू नका. बेडाक्विलिन अंगातून निघायला काही महिने लागतात, त्यामुळे कंटाळून सगळ्या गोळ्या एकदम सोडल्या तर बाकीची औषधं निघून जातात आणि ही एकटी उरते, आणि जंतू तिलाही सरावतो.

मोठ्या हॉस्पिटलात कधी न्यायचं? चक्कर येऊन पडले, छातीत धडधड, थुंकीतून रक्त, डोळे पिवळे, धाप, बरळणं, यातलं काहीही झालं तर जवळ जे मोठं असेल तिथे लगेच, वही घेऊन, आणि तिथून टीबी सेंटरला फोन. एरवी नाही.

बाळाचं राहिलं. टीबी हवेतून पसरतो, ताट-वाटी-कपड्यांतून नाही, तेव्हा आजोबांची भांडी वेगळी ठेवून त्यांना आणखी खचवू नका. खिडक्या उघड्या, त्यांना मास्क, बेडका निगेटिव्ह येईपर्यंत बाळ त्यांच्या खोलीत झोपवायचं नाही. नीट गोळ्या चालू असल्या की लागण करण्याची ताकद लवकर कमी होते. पण बाळाची तपासणी मात्र या आठवड्यातच करून घ्या, खोकला नसला तरी, आणि नेताना वडिलांचा औषध न लागू पडल्याचा रिपोर्ट बरोबर न्या, कारण नेहमीच्या टीबीत घरच्यांना जी प्रतिबंधाची गोळी देतात ती इथे चालेलच असं नाही, वेगळं औषध द्यायचं का ते बालरोगतज्ज्ञ आणि टीबीचे डॉक्टर मिळून ठरवतील. कुठेच दाद लागली नाही तर निक्षयचा टोल फ्री १८००-११-६६६६ आहे, आयडी हाताशी ठेवून फोन करा.