कीर्तनाच्या कॅसेट्स: सॉफ्टवेअरच्या आधी स्क्रू

वडिलांच्या कीर्तनाच्या ९ कॅसेट्स, आवाज ‘घोंगडीआडून आल्यासारखा’ आणि खरखर काढायला सॉफ्टवेअर कोणतं, हा तुमचा प्रश्न वाचला आणि १५ वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. आवाज दबलेला असेल तर दुखणं बहुतेक वेळा खरखरीचं नसतंच.

हेड (टेपमधला फितीला टेकून आवाज उचलणारा भाग) पुसणं, फीत एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवणं हे केलंच असेल. मुद्दा हेडच्या कोनाचा आहे. घरोघरच्या टू-इन-वनचं हेड कुठे ना कुठे थोडं तिरकं असायचं. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे १० हजार हर्ट्झची एक लाट फितीवर ५ मायक्रॉनपेक्षाही कमी जागेत बसते. रेकॉर्ड करणारं हेड आणि वाजवणारं हेड यांच्या कोनात केसाइतका फरक पडला की टाळांची किणकिण आणि स-श आधी जातात. फितीवरून जे उचललंच गेलं नाही, ते कोणतंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू दिसेल. मूळ जागेवर मार्करने खूण करा. कॅसेट चालू ठेवून, आवाज मोनोवर (डावा-उजवा एकत्र) घेऊन, हेडफोन लावून स्क्रू अगदी हळू इकडे-तिकडे फिरवा. पाव फेऱ्याच्या आतच काम होतं. टाळ खणखणला की थांबा. पुढची कॅसेट दुसऱ्या मशीनवरची असेल तर पुन्हा हेच. (स्क्रूड्रायव्हर चुंबकाचा नको.)

आता माझा गाढवपणा. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या ५ कॅसेट्स होत्या, मामाने १९८८ साली भरलेल्या. त्यातल्या ४ मी एका दुकानात ‘क्लीन करून’ द्यायला दिल्या. सीडी आली, तर आजी पाण्याखालून गातेय आणि जातं गायब! घरघर एकसारखी चालते ना, सॉफ्टवेअरने तिलाच खरखर समजून कापलं. विचारायला गेलो, तर काउंटरवरचा म्हणाला, “काका, ते मशीनचा आवाज होता, काढलाय आम्ही.” वर त्याचे वेगळे पैसे. पण त्याला किती बोलणार? सीडी कानाला लावण्याआधीच, घर बदलायच्या गडबडीत, त्या चारही कॅसेट्स मी भंगारवाल्याला देऊन मोकळा झालो होतो.

पाचवी मामीच्या कपाटात राहिली होती, म्हणून वाचली. ती घरीच केली. स्क्रू फिरवता फिरवता एका जागी आजी दाणे वैरते तेव्हा जात्याचा सूर बदलतो तो ऐकू आला, आणि मागे बांगड्या. त्या फितीत बांगड्या आहेत हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून माझं मत (मी साउंड इंजिनियर नाही, शाळामास्तर होतो, तेव्हा दोन-चार जणांना विचारून घ्या): कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेली मूळ उतरवणी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह (WAV) फाइलमध्ये, आणि तिला हात लावायचा नाही. सर्वांत मोठा आवाजही रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या खालीच ठेवा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका. साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (टेपचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी छोटी डबी) घ्या. गूंऽऽ ऐकू आलं तर चार्जर काढून बघा. घरगुती रेकॉर्डिंगला टेपवरचं डॉल्बीचं (खरखर दाबणारं) बटण बंदच. खरखर कमी करायची तर ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण प्रतीवर, आणि ६ डेसिबलपुरतीच. सॉफ्टवेअरला खरखर ओळखायला जो नमुना द्याल तो बुवा श्वास घेतात तिथला नको, कीर्तन सुरू होण्याआधीच्या कोऱ्या फितीचा घ्या. मागे तंबोरा असेल तर माझ्या जात्याचं काय झालं ते आठवा. एमपी३ नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपपुरती.

एखादी कॅसेट स्क्रू फिरवूनही मधूनच दबत असेल तर आतला फितीमागचा नमद्याचा तुकडा गळालाय का बघा. ५ स्क्रूंची एखादी नको असलेली कॅसेट उघडा आणि दोन्ही रिळं तिच्यात बसवा. उघडताना खाली पांढरी चादर अंथरा, ते स्क्रू फरशीवर सापडत नाहीत.