पडदा शाबूत असला तरी कानाच्या हाडाचा सीटी करून घ्यावा

आपल्या नऊ वर्षांच्या मुलीचा चेहरा काही महिन्यांपासून हळूहळू एका बाजूला वाकडा होत आहे, त्याच बाजूच्या कानाने तिला कमी ऐकू येते, आणि तरीही पडदा स्वच्छ दिसतो म्हणून बेल्स पाल्सी (चेहऱ्याचा अचानक येणारा, नेमके कारण न सापडणारा लकवा) ठरवून व्यायाम सुचवले आहेत, हे वाचून राहवले नाही. माझ्या मुलाचे नेमके असेच झाले होते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निर्णय तज्ज्ञांनाच विचारून घ्यावा.

बेल्स पाल्सी साधारणपणे ७२ तासांत पूर्ण जोर धरते. महिनोन्‌महिने वाढत जाणाऱ्या लकव्याला ते नाव देऊन थांबणे मला अक्षम्य वाटते. आम्ही जात होतो त्या दवाखान्यात प्रत्येक वेळी केसपेपरवर ‘पडदा शाबूत’ एवढाच शेरा पडे आणि चेहऱ्याला करंट देणे पुढे चालू राही. ऐकू कमी येते असे वारंवार सांगूनही ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, कोणी लिहून दिली नाही. वास्तविक जन्मजात कोलेस्टिॲटोमात पडदा शाबूतच असतो. गर्भावस्थेत आत राहून गेलेल्या त्वचेच्या पेशींची पिशवी पडद्यामागे, किंवा त्याहून खोल हाडात, वाढत राहते, हाड झिजवते आणि हाडातल्या अरुंद नळीतून जाणाऱ्या चेहऱ्याच्या नसेला गाठते. हा कर्करोग नव्हे, परंतु औषधाने तो जातही नाही. शस्त्रक्रियाच करावी लागते. नस दीर्घकाळ निकामी राहिली की चेहऱ्याचे स्नायू सुकतात, आणि मानेतल्या किंवा पायातल्या नसेचा तुकडा जोडण्याची वेळ आली तर चेहऱ्याची हालचाल पहिली (सामान्य) ते सहावी (पूर्ण लकवा) अशा श्रेणींत मोजणाऱ्या हाउस-ब्रॅकमन मोजपट्टीवर सहसा तिसऱ्या श्रेणीपेक्षा चांगला निकाल मिळत नाही. म्हणूनच वाया गेलेल्या त्या काळाचा संताप अजून शमलेला नाही.

माझे आग्रहाचे सांगणे असे, की ऑडिओमेट्री आणि टेंपोरल बोनचा (कानाभोवतीच्या हाडाचा) एचआरसीटी, म्हणजे बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन, आधी करून घ्यावा, आणि एमआरआय सांगितला तर त्यात डिफ्युजनचा (कोलेस्टिॲटोमा वेगळा ओळखायला मदत करणारा) भाग आहे ना, हे विचारावे. गाठ खोल असेल तर कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या कान-नाक-घसा सर्जनकडेच जावे, आणि त्या कानाचे ऐकणे वाचेल की नाही, हे आधीच स्पष्ट विचारावे. डोळा पूर्ण मिटत नसेल तर नेत्रतज्ज्ञांना आजच दाखवावे. बुबुळ कोरडे पडून जखम होण्यास निदानाची वाट पाहावी लागत नाही. स्कॅनची सीडीही मागून घ्यावी, कारण दुसरे मत देणाऱ्या सर्जनला नुसता लेखी अहवाल पुरत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर काही वर्षे पुन्हा पुन्हा होणाऱ्या एमआरआयची तुलनाही त्याच्याशीच करायची असते.