डीव्हीडी नीट ठेवायच्या असतील तर

भावा, आधी घरच्या राईट केलेल्या डिस्क वेगळ्या काढ, लग्नाच्या, बारशाच्या वगैरे, कारण पिक्चरची विकतची डीव्हीडी गेली तर दुसरी मिळंल पण ह्या गेल्या की गेल्याच. राईट केलेल्या डिस्कमधी डायचा (म्हणजे रंगाचा) थर असतो, तो उन्हानं खराब होतो, म्हणून खिडकीजवळ ठेवूच नको आणि आजच हार्ड डिस्कवर कॉपी मार, जमलं तर दोन ठिकाणी. सांगलीत नदीच्या बाजूला राहत असशील तर खालचा कप्पा विसर, २०१९ चा पूर आठवतोय ना, सगळं माळ्यावर नको पण (पत्र्याखाली लय तापतं), वरच्या मजल्यावरचं कपाट बेस्ट. डिस्क उभ्या ठेव, एकावर एक चळत लावू नको. पुसताना गोल गोल फिरवायचं नाही, मऊ सुती कापडानं मधल्या भोकाकडनं सरळ बाहेर पुसायचं, गोल चरा पडला तर प्लेअरला वाचायला जास्त जड जातं. आणि सीडी असंल तर वरच्या छापील बाजूलापण जप, डेटा तिथंच लेबलच्या खाली असतो, डीव्हीडीत तो प्लास्टिकच्या दोन थरांच्या मधी असतो. स्टिकर चिकटवू नको. लिस्ट मोबाईलमधी एक्सेलला कर, भाषेप्रमाणं लाव नायतर हिरोप्रमाणं, तुझी मर्जी, फक्त कुणाला दिली तो कॉलम ठेव, पाव्हणे परत देत नाहीत.