टिटवीची अंडी, घुबडाचे कान आणि तारेवरचे पारवे: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

या वेळी प्रश्न भरपूर आलेत, त्यातले निम्मे शकुन-अपशकुनाचे. मला आधीच सांगायचंय की पक्षी खरंच काय करतात ते नीट बघितलं ना, तर ते कुठल्याही शकुनापेक्षा जास्त नवलाचं असतं.

प्रश्न (येळ्ळूर): भाताच्या शिवारात बांधावर टिटवीनं चार अंडी घातल्यात. आमचे आजोबा म्हणूल्यात, उंचावर अंडी म्हणजे यंदा पाऊस जोरात. खरं काय ओ सर?

आजोबांना नमस्कार सांगा. ही समजूत आपल्याकडं सगळ्या शिवारात आहे, पण टिटवीला पुढच्या पावसाचा अंदाज येतो असा पुरावा काही मिळालेला नाही. ती जागा निवडते ती त्या दिवशी जे दिसतंय त्यावरनं, म्हणजे कोरडी जमीन, मोकळं रान, चारी बाजूनं कोण येतंय ते दिसलं पाहिजे, म्हणून बांध, खडकाळ माळ, कधी तर घराचं सपाट छप्परसुद्धा चालतं तिला.

पण ती अंडी कशी सांभाळते ते बघा. घरटं असं नसतंच, जमिनीत जरासा खळगा आणि कडेनं खडे, अंड्यांचा रंग मातीला इतका मिळताजुळता की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. एप्रिलच्या उन्हात जमीन तापली की ती अंडी उबवायचं सोडून थंड करायला लागते, पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते, नर-मादी दोघं आळीपाळीनं हे करतात. कुत्रं जवळ आलं तर पंख मोडल्यासारखं करून फरफटत लांब जाते, कुत्रं मागं लागतं, लांब गेलं की ही उडाली! आणि पिल्लं अंड्यातनं बाहेर आली की एका दिवसाच्या आत आईबापामागं पळायला लागतात. टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ धरायला, असंही तुम्ही ऐकलं असेल, तसं काही नाही, ती जमिनीवरच झोपते. तिचं मागचं बोट अगदी बारकं असतं त्यामुळं फांदी धरून बसणं तिला जमत नाही.

अंडी फुटायला साधारण चार आठवडे लागतात. तेवढे दिवस त्या जागेवर एक काठी रोवून ठेवा आणि नांगर, ट्रॅक्टर तिथनं वळवून न्या, चार हात जमीन थोडी उशिरा नांगरली म्हणून काही बिघडत नाही.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर पांढरं घुबड राहायला आलंय. रात्री किंचाळतंय. घरातले म्हणतात अपशकुन, हाकलून द्या. काय करू?

ताई, कृपा करून हाकलू नका. ते गव्हाणी घुबड असणार, बदामासारख्या पांढऱ्या तोंडाचं. ते घूत्कार करत नाही, चिरकतं, आणि मध्यरात्री तो आवाज ऐकला की माणूस दचकणारच, त्यात घरच्यांची चूक नाही.

या पक्ष्याचे कान हा खरोखर चमत्कार आहे. दोन्ही कानांची भोकं एका पातळीत नसतात, एक जरा वर, एक जरा खाली. त्यामुळं उंदराची खुसफुस दोन कानांना अगदी बारीक फरकानं ऐकू येते आणि तेवढ्या फरकावरनं आवाज डावीकडनं की उजवीकडनं, वरनं की खालनं हे दोन्ही त्याला एकदम कळतं. तो पांढरा चेहरा आवाज गोळा करून कानाकडं वळवतो. अमेरिकेत रॉजर पेन या शास्त्रज्ञानं पूर्ण काळोख्या खोलीत प्रयोग करून दाखवलंय की डोळ्यांचा काही उपयोग नसताना हे घुबड नुसत्या आवाजावर उंदीर अचूक पकडतं. आणि पंखांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, पिसं मखमली, त्यामुळं उडतानाचा आवाज जवळजवळ नाहीच, उंदराला सुगावाच लागत नाही. डोळे खोबणीत फिरत नाहीत म्हणून मान फिरते, 270 अंशांपर्यंत. आपल्या मानेत 7 मणके, त्याच्या मानेत 14.

मलेशियात पाम तेलाच्या मळ्यांत उंदीर कमी व्हावेत म्हणून याच घुबडासाठी मुद्दाम खोकी लावतात, आणि आपल्याकडं ऊस-भाताला उंदरांचा एवढा त्रास असून आपण त्यालाच दगड मारतो, याचं मला फार वाईट वाटतं. माळ्याखाली हाडं आणि केसांच्या गोळ्या पडलेल्या दिसतील, त्या फोडून घरच्यांना दाखवा, किती उंदीर खाल्लेत ते स्वतःच मोजतील. आणखी एक, घुबड पकडणं-मारणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्न (कडोली): तारेवर पारवे बसतात त्यांना शॉक कसा लागत नाही?

दोन्ही पाय एकाच तारेवर असतात म्हणून. दोन पायांमध्ये व्होल्टेजचा फरकच नाही तर करंट अंगातनं जाणार कशाला. पण मोरासारखा मोठा पक्षी एकाच वेळी दोन तारांना किंवा तार आणि लोखंडी खांबाला टेकला की मरतो.

प्रश्न (गोकाक): गदगजवळ मागडीच्या तळ्यावर हिवाळ्यात हंस बघितले. हिमालय ओलांडून येतात म्हणे. एवढ्या उंचीवर श्वास कसा घेतात?

ते पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असतात बघा. मंगोलिया, तिबेटकडनं येतात. त्यांच्या पाठीवर यंत्र बसवून मोजलंय, 7,290 मीटरपर्यंत उडाल्याची नोंद आहे. आपण तिथं चार पावलं टाकली तरी धापा टाकू.

एकतर सगळ्याच पक्ष्यांची श्वासाची व्यवस्था आपल्यापेक्षा भारी. आपल्या फुप्फुसात हवा ज्या वाटेनं जाते त्याच वाटेनं परत येते, पक्ष्यांना हवेच्या पिशव्या असतात आणि त्यामुळं फुप्फुसातनं हवा एकाच दिशेनं वाहत राहते, श्वास सोडतानाही ताजी हवा मिळते. त्यात या हंसांचं हिमोग्लोबिन असं आहे की विरळ हवेतला ऑक्सिजनसुद्धा घट्ट धरून ठेवतं. आणि ते उगाच उंच उडत नाहीत, जमीन जशी वर जाईल तसे वर, दरी आली की पुन्हा खाली, बरेचदा रात्री किंवा पहाटे, कारण गार हवा जास्त दाट असते. तुमच्या जवळच घटप्रभेच्या धुपदाळला कांड्या करकोचे येतात, त्यांच्यातलेही बरेच हिमालयातनंच येतात, थंडीत एकदा दुर्बीण घेऊन जाऊन याच.

प्रश्न (निपाणी): पोपट वर्षभर पाळलाय, बोलत नाही. काय खायला घालू?

खाण्यानं बोलत नाहीत. पोपट थव्यातला पक्षी, एकमेकांचे आवाज उचलून जवळ राहतो. एकटा पिंजऱ्यात ठेवला की त्याला थवा म्हणून माणूसच उरतो आणि मग तो माणसाचा आवाज काढायला बघतो, म्हणजे जे आपल्याला कौतुकाचं वाटतं ते त्याचं एकटेपण असतं. आपले देशी पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे. तसाच उडवून देऊ नका, पिंजऱ्यातल्याला बाहेर जगणं जमेलच असं नाही, वनखात्याच्या ऑफिसात नेऊन द्या.

प्रश्न (जांबोटी, ता. खानापूर): धनेशाची मादी स्वतःला झाडात कोंडून घेते हे खरं? मग नर मेला तर?

अगदी खरं, आणि तुम्ही तर भीमगडच्या जंगलाला लागूनच राहता. मोठ्या धनेशाची मादी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आपली विष्ठा, फळांचा चोथा असलं काहीबाही लिंपून तोंड बंद करते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. आत गेल्यावर तिच्या पंखांची पिसं गळतात, म्हणजे काही आठवडे तिला उडताच येत नाही. त्या दिवसांत नर उंबर-वडाची फळं घशात साठवून आणतो आणि एकेक करून फटीतनं देतो. विष्ठा ती त्याच फटीतनं बाहेर टाकते, ढोली स्वच्छ. नर येतो तेव्हा पंखांचा आवाज लोंढ्याच्या घाटात चढणाऱ्या इंजिनासारखा, आधी ऐकू येतो मग पक्षी दिसतो.

नर मेला तर मादी अडचणीत, पिल्लू तर बहुतेक जातंच. एका नराला मारलं म्हणजे घर बुडालं.

धनेशाला स्वतः ढोली पोखरता येत नाही, शंभर वर्षांचं झाड आणि त्यात आयती ढोली असावी लागते, आणि एकच ढोली वर्षानुवर्षं वापरतात. म्हणून गावाजवळची जुनी, पोकळ झालेली झाडं जळणाला तोडू नका. फोटो काढणाऱ्यांनाही सांगा, फेब्रुवारी ते एप्रिल ढोलीजवळ घोळका करून उभं राहू नये, माणसं दिसली की नर फळं घेऊन तसाच लांब बसून राहतो.