ऑरिक या शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक नगरीमुळे छत्रपती संभाजीनगरातल्या हॉटेलांच्या किमती वाढतील का?

वाढतील, पण शेंद्रा-बिडकीनच्या जमिनींच्या वेगाने नाही. बँकांसाठी मूल्यांकन अहवाल तपासणं हे माझं काम. चालत्या हॉटेलची किंमत आम्ही चौरस फुटावर नाही, कमाईवर धरतो. समजा ६० खोल्या, सरासरी ६० टक्के भरलेल्या, भाडं ३,००० रुपये: वर्षाला साधारण ३.९४ कोटी. पगार, वीज, दुरुस्ती, बुकिंगचं कमिशन जाऊन ३० टक्के, म्हणजे साधारण १.१८ कोटी उरले आणि घेणाऱ्याला गुंतवलेल्या पैशावर वर्षाला १० टक्के परतावा हवा असेल, तर किंमत जेमतेम पावणेबारा कोटी. मालक जालना रोडच्या जागेचा भाव ऐकवतो, ऐकून घ्या, पण हिशेब कमाईचाच करा.

इथे वर्षभराचा आधार वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांच्या कामाने येणारे लोक. वेरूळ-अजिंठ्याचा पर्यटक मुख्यतः हिवाळ्यात आणि जोडसुट्ट्यांत. म्हणून व्यवहाराआधी हे मागाच:

- कंपन्यांशी झालेले दरकरार
- मे-जूनचे महिनावार आकडे, जीएसटी विवरणांशी ताडून

एक मात्र आहे: नवे कारखाने गिऱ्हाईक आणतील, पण समृद्धी महामार्गामुळे गाडीने आलेला माणूस काम उरकून मुक्काम न करताही परत जाऊ शकतो.