लष्करातला भाऊ सुट्टीवर परळला आलाय, हवालदार मारतो म्हणून युनिटला परत जायचं नाही म्हणतो. काय करावं?

आधी त्याला सुट्टी संपायच्या दिवशी परत पाठवा. उशिरा गेला तर आर्मी ॲक्ट 1950 चं कलम 39 (सुट्टी संपूनही हजर न होणं) त्याच्यावरच लागतं आणि मूळ तक्रार बाजूला पडते. मारहाणीच्या खुणा असतील तर निघण्यापूर्वी कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात दाखवून नोंद करून घ्या. खुणा पुसट होतात, कागद राहतो.

तक्रारीचा हक्क याच कायद्याच्या कलम 26 मध्ये आहे: जवान कंपनी कमांडरकडे तक्रार करू शकतो, आणि तक्रार त्यांच्याविरुद्धच असेल तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. हाताखालच्याला मारणं हा कलम 47 चा गुन्हा, शिक्षा 7 वर्षांपर्यंत. अर्ज लेखी द्यावा, प्रत स्वतःजवळ ठेवावी. तारीख, वेळ, जागा, शब्द, साक्षीदार एवढंच लिहावं. ‘नेहमी छळतो’ या वाक्यावर चौकशी होत नाही. वाढवूनही लिहू नये, जाणूनबुजून खोटा आरोप केल्यास कलम 56 आहे.

चौघांनी मिळून सही करायचा मोह होतो, तो टाळा. लष्करात सामूहिक अर्ज शिस्तभंग समजला जातो. प्रत्येकाने वेगळा द्यावा. व्हिडिओ टाकणं, आमदारांची चिठ्ठी आणणं यानेही तोच अडकतो.

वरपर्यंत अर्ज करूनही 6 महिने निर्णय आला नाही, तर सेवेच्या प्रश्नांसाठी सशस्त्र बल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. तो जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर मात्र थांबू नका: आजच अश्विनीत न्या, रात्री 14416 या टेलि-मानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा.